बोर्ड नसताना बोर्डाची परीक्षा

प्रश्न : आमची यावल तालुक्यात केळी आहे, सगळी ठिबकवर. धाकटी लेक जळगावला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करते. चार व्हॉल्व्ह आळीपाळीनं आपोआप उघडणारा आणि मोटर चालू-बंद करणारा कंट्रोलर ती प्रोजेक्ट म्हणून बनवते आहे. सुट्टीला आली तेव्हा तिनं लॅपटॉपवर दाखवलं. पहिला व्हॉल्व्ह उघडला, वेळ झाली तसा बंद झाला, मग दुसरा. मी विचारलं, "पण मशीन कुठंय?" तर म्हणे, "पप्पा, बोर्ड अजून मागवलाच नाही. इम्युलेटरवर चालवलंय." जे यंत्र अजून विकत आणलं नाही ते चाललं कसं? आणि लॅपटॉपवर चाललं एवढ्या भरवशावर मी माझी मोटर त्याच्या हवाली करायची का?
– एक केळी उत्पादक, यावल तालुका

उत्तर : तुमच्या पत्रात दोन शंका आहेत. बोर्ड नसताना प्रोग्राम चालला कसा, ही एक. लॅपटॉपवर चाललेलं शेतात चालेल का, ही दुसरी. पहिलीचा उलगडा थोडा सावकाश करू, कारण तो झाला की दुसरीचं अर्धं उत्तर त्यातच मिळतं.

लेकीनं कोणता बोर्ड ठरवलाय ते पत्रात नाही. डिप्लोमाच्या प्रोजेक्टात आर्डुइनो उनो फार चालतो, म्हणून तोच धरून सांगतो. त्याच्यावर एटमेगा ३२८पी नावाची चिप असते. तिच्यात प्रोग्राम ठेवायला ३२ किलोबाइट जागा, चालू हिशेबाला २ किलोबाइट, आणि लाईट गेली तरी पुसलं जाऊ नये असं काही लिहून ठेवायला १ किलोबाइट. आकडेमोडीसाठी ३२ छोटे कप्पे. तिला कळतात अशा आज्ञा १३१. तिच्या घड्याळाचे सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके पडतात आणि बहुतेक आज्ञा एका-दोन ठोक्यांत उरकतात.

लेकीनं लिहिलेला प्रोग्राम या चिपमध्ये जातो तो आकड्यांची लांबलचक रांग होऊन. एकेक आकडा म्हणजे एकेक आज्ञा. ही संख्या त्या कप्प्यात ठेव, या दोन संख्यांची वजाबाकी कर, उत्तर शून्य आलं तर अमुक ठिकाणी जा, तमुक पिनेवर पाच व्होल्ट दे. चिपला केळी माहीत नाही की व्हॉल्व्ह माहीत नाही. ती फक्त रांगेतली पुढची आज्ञा उचलते आणि सांगितलं तेवढं करते.

आता हे काम हुबेहूब करणारा एक प्रोग्राम लॅपटॉपवर लिहिला तर? इम्युलेटर म्हणजे तेच. तो लॅपटॉपच्या मेमरीत २०४८ खण मांडतो, ती झाली चिपची २ किलोबाइटची मेमरी. आणखी ३२ खण मांडतो, ते झाले आकडेमोडीचे कप्पे. मग लेकीच्या प्रोग्रामची तीच आकड्यांची रांग घेतो, जी खऱ्या चिपमध्ये गेली असती, आणि पहिल्या आज्ञेपासून एकेक वाचत जातो. प्रत्येक आज्ञेला चिपनं तिच्या माहितीपुस्तिकेप्रमाणे जे केलं असतं, ते तो या खणांवर करतो. किती ठोके लागले असते तेही मोजतो. चिपच्या पिना म्हणजे शेवटी मेमरीतल्या ठरावीक पत्त्यांवरचे बिट असतात. त्यांतला एखादा बदलला की पडद्यावरचा दिवा पेटतो.

पडद्यावर हलणारं चित्र पाहून बऱ्याच जणांचा समज होतो, की हे कार्टूनसारखं आधीच काढून ठेवलेलं असतं. तसं नाही. तुम्ही पाहिलेला व्हॉल्व्ह उघडला, कारण लाखो आज्ञा ओळीनं पार पडून शेवटी त्या पिनेचा बिट बदलला. मधली एक आज्ञा चुकली असती तर चित्र हललं नसतं.

दुसरा गैरसमज शिकलेल्या माणसांतही सापडतो. त्यांना वाटतं, प्रोग्राम लॅपटॉपवर चालला म्हणजे झालं, तो लॅपटॉपचा प्रोग्राम म्हणून चालवला काय आणि इम्युलेटरमध्ये चालवला काय, सारखंच. सारखं मुळीच नाही, आणि फरक तुमच्याच व्हॉल्व्हवर दाखवता येतो.

व्हॉल्व्ह दहा मिनिटं उघडा ठेवायचा आहे. चिप वेळ मोजते मिलिसेकंदांत. म्हणून विद्यार्थी सरळ लिहितो : १० गुणिले ६० गुणिले १०००, म्हणजे ६,००,००० मिलिसेकंद. गणितात काही चूक नाही. पण या चिपवर साधी पूर्णसंख्या १६ बिटांत मावते, म्हणजे जास्तीत जास्त ३२,७६७. त्यापुढे गेली की जुन्या मोटरसायकलच्या किलोमीटरच्या काट्यासारखी ती फिरून मागे येते. सहा लाखांतून ६५,५३६ चे नऊ पूर्ण फेरे वजा गेले की उरतात १०,१७६. दहा मिनिटांऐवजी दहा सेकंद! व्हॉल्व्ह उघडतो, लॅटरलमधली हवा जरा बाहेर पडते न पडते तोच बंद होतो. चारही व्हॉल्व्हची पाळी मिनिटभरात आटोपते आणि केळीला पाणी मिळतच नाही.

हाच हिशेब लॅपटॉपचा प्रोग्राम म्हणून चालवा. लॅपटॉपवर साधी पूर्णसंख्या ३२ बिटांची असते, तिच्यात सहा लाख सहज मावतात, व्हॉल्व्ह बरोबर दहा मिनिटं उघडा राहतो. सगळं ठीक दिसतं आणि चूक लपून राहते. इम्युलेटरमध्ये मात्र ती पहिल्याच वेळी उघडी पडते, कारण त्यानं चिपचा तोकडेपणासुद्धा जसाच्या तसा उचललेला असतो. दुरुस्ती अगदी एवढीशी आहे : संख्येला 'ही मोठी संख्या आहे' अशी खूण जोडायची. पण खूण राहिली आहे हे आधी कळायला हवं ना.

ही चूक नवशिक्यांचीच असते असं समजू नका. ४ जून १९९६ रोजी युरोपचं एरियन ५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे ३७ सेकंदांनी भरकटलं आणि फुटलं. त्याच्या दिशा सांभाळणाऱ्या यंत्रणेतला प्रोग्राम जुन्या एरियन ४ वरून आणलेला होता. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त होता, त्यातून निघालेली संख्या १६ बिटांत बसवताना मावली नाही. ती यंत्रणा एरियन ५ च्या खऱ्या मार्गाचे आकडे देऊन जमिनीवर चालवून पाहिली असती तर दोष तिथंच सापडला असता, असं चौकशी समितीनं नोंदवलं. परीक्षेची सोय असून उपयोग नाही. खऱ्या परिस्थितीचे आकडे तिला द्यावे लागतात.

बोर्ड हातात नसताना प्रोग्राम पुरा करण्याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण १९७५ चं आहे. त्या वर्षीच्या जानेवारीच्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' मासिकात अल्टेअर ८८०० या छोट्या संगणकाची माहिती आली. पॉल ॲलन आणि बिल गेट्स यांना त्याच्यासाठी बेसिक भाषा लिहायची होती, पण दोघांकडे अल्टेअर नव्हता. ॲलननं इंटेलच्या ८०८० चिपची माहितीपुस्तिका समोर ठेवून हार्वर्ड विद्यापीठातल्या मोठ्या पीडीपी-१० संगणकावर त्या चिपची नक्कल करणारा प्रोग्राम लिहिला. तिच्यावर गेट्सनं बेसिक उभी केली, अपूर्णांकांच्या गणिताचा भाग माँटी डेव्हिडॉफ या सहाध्यायानं लिहिला. मग ॲलन कागदी पट्टीवर छिद्रांनी नोंदलेला प्रोग्राम घेऊन विमानानं अल्बुकर्कीला गेला. खरा अल्टेअर त्यानं तिथंच पहिल्यांदा पाहिला. दोन अधिक दोन विचारल्यावर यंत्रानं चार छापले.

या गोष्टीतला एक बारकावा मला फार मोलाचा वाटतो. विमानात असताना ॲलनच्या लक्षात आलं, की कागदी पट्टीवरून प्रोग्राम मेमरीत चढवणारा छोटा प्रोग्राम आपण लिहिलेलाच नाही. हार्वर्डला त्याची गरजच पडली नव्हती, कारण तिथं प्रोग्राम आपसूक मेमरीत असायचा. तो तुकडा त्यानं विमानातच कागदावर लिहून काढला. जी गोष्ट इम्युलेटरला लागत नाही, नेमकी तीच माणूस विसरतो. तुमच्या दुसऱ्या शंकेकडे जाताना हे ध्यानात ठेवा.

त्याआधी आणखी एक गोष्ट सांगायला हवी. इम्युलेटर पैसे वाचवायला वापरतात असं पुष्कळांना वाटतं. बोर्ड महाग असतो तिथं ते खरं आहे. पण तुमच्या लेकीचा बोर्ड काही शे रुपयांत येतो, तो मागवला नाही म्हणून मोठी बचत झाली असं नाही. माझ्या मते इम्युलेटरचा खरा उपयोग वेगळा आहे. शेतात जे क्वचित घडतं, आणि घडू नये असंच आपल्याला वाटतं, ते तिथं हवं तेव्हा आणि हवं तितक्या वेळा घडवून पाहता येतं.

मोटर चालू असताना चारही व्हॉल्व्ह बंद झाले तर काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. दाब चढतो आणि कुठला तरी जोड निखळतो. आता प्रोग्रामात 'पहिला बंद कर, मग दुसरा उघड' असा क्रम लिहिला असेल, तर मधे थोडा काळ चारही बंद असतात. पडद्यावर डोळ्यांना ते दिसणार नाही. पण इम्युलेटर प्रत्येक पिनेची नोंद ठोक्याच्या हिशेबानं ठेवू शकतो. त्या नोंदीत एकच गोष्ट शोधायला लेकीला सांगा : मोटरची पिन चालू आणि चारही व्हॉल्व्हच्या पिना बंद, असा एक क्षण तरी आहे का? सापडला तर क्रम उलटा करायचा. दुसरा व्हॉल्व्ह पूर्ण उघडायला वेळ द्यायचा आणि मगच पहिला बंद करायचा.

मग लाईटचं बघा. आपल्याकडे शेतीची थ्री फेज पाळीनं येते, कधी दिवसा, कधी मध्यरात्री, आणि आली म्हणजे टिकेलच असं नाही. प्रोग्राम 'आता तिसरा व्हॉल्व्ह चालू आहे' असं त्या १ किलोबाइटच्या कायम मेमरीत लिहीत असतानाच लाईट गेली तर? निम्मं लिहिलेलं, निम्मं राहिलेलं. लाईट परत आल्यावर कंट्रोलर ते वाचतो आणि सातवा व्हॉल्व्ह शोधत बसतो, जो शेतात नाहीच. शेतात हा योगायोग वर्षभरात एखादवेळी जुळेल. इम्युलेटरमध्ये प्रत्येक आज्ञेनंतर लाईट घालवून पाहता येते, आणि हे काम मशीन एकटं रात्रभर करत बसतं.

लाईट परत येते तेव्हाचंही तसंच. रोहित्रावरच्या सगळ्यांच्या मोटरी ऑटोमुळे एकदम उचलल्या की रोहित्रावर ताण येतो, म्हणून ऑटो काढा असं महावितरण सांगत असतं. लेकीच्या प्रोग्रामात लाईट आल्यावर थोडं थांबायची सोय हवी, आणि तीन फेज आहेत का हे तपासायचीही. तीनांतला एक फेज नसल्याचा इशारा इम्युलेटरमध्ये बटण दाबून देता येतो. खऱ्या मोटरला एक फेज कमी देऊन पाहायची हिंमत कुणी करू नये. वाइंडिंग जळायला फार वेळ लागत नाही.

अजून एक चूक अशी, की ती दिसायलाच दीड महिन्याहून जास्त काळ लागतो. बोर्ड सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाले हे चिप एका ३२ बिटांच्या संख्येत मोजत राहते. ती ४२९ कोटी ४९ लाखांच्या पुढे गेली की तोच मोटरसायकलचा काटा पुन्हा शून्यावर येतो. त्याला लागतात ४९ दिवस आणि १७ तास. प्रोग्रामानं 'बंद करायची वेळ' आधीच बेरीज करून ठेवली असेल, तर त्या फेऱ्याच्या आसपास बेरीज शून्य ओलांडून अगदी लहान होते. मग प्रोग्रामाला वाटतं, वेळ केव्हाच टळून गेली, आणि व्हॉल्व्ह उघडताक्षणी बंद होतो. आज ज्या पेटीची लाईट रोज जाते तिच्यात ही चूक कधी दिसणारच नाही, कारण दर वेळी मोजणी नव्यानं सुरू होते. उद्या तुम्ही कौतुकानं सौर पॅनल आणि बॅटरी जोडून पेटी अखंड चालू ठेवलीत, की पन्नासाव्या दिवशी ती उगवते. केळी उभी असते त्या वर्षभरात सातेकदा.

इम्युलेटरला डीबगर जोडला की मोजणीचा तो आकडा हातानं बदलता येतो. तो फिरायला एक मिनिट उरलंय एवढा करून ठेवायचा आणि पुढे काय होतं ते बघायचं. दीड महिन्याची वाट मिनिटावर येते. उपायही सोपा आहे. बंद करायची वेळ आधी काढून ठेवायची नाही, तर 'आत्ताची वेळ वजा उघडल्याची वेळ' दर खेपेला मोजायची. वजाबाकी फेऱ्यातूनही बरोबर निघते.

आता तुमची दुसरी शंका. मोटर हवाली करायची का? अजून नाही. कारण इम्युलेटरनं चिप उचलली, शेत उचललेलं नाही.

स्टार्टरचा काँटॅक्टर खटकन सुटतो तेव्हा त्याच्या कॉइलमधून विजेचा जो झटका उसळतो, तो शेजारच्या बोर्डाला गोंधळवून पुन्हा सुरू व्हायला लावू शकतो. इम्युलेटरमध्ये कॉइलच नाही. मोबाइलवर मेसेज पाठवणारं जीएसएम मॉड्यूल जोडलं, तर ते नेटवर्क पकडताना क्षणभर दोन अँपिअरपर्यंत ओढतं. हलका अडॅप्टर तेवढ्यात मान टाकतो आणि बोर्ड बंद पडून परत सुरू होतो. इम्युलेटरमधली वीज कधी कमी पडत नाही. कुठेच न जोडलेली पिन खऱ्या बोर्डावर आसपासच्या तारांमुळे मनाला येईल ते वाचते, इम्युलेटरमध्ये ती बहुधा शहाण्यासारखी शून्यच दाखवते. जमिनीतल्या ओलाव्याचा सेन्सर पडद्यावर सरकवायची पट्टी असतो. खऱ्या मातीत स्वस्तातल्या सेन्सरचे दोन धातूचे पाय विजेमुळे झिजत जातात आणि आकडा हळूहळू खोटा होतो. आणि मे महिना! भुसावळ-जळगावकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा उन्हातल्या बंद पत्र्याच्या पेटीत काय होत असेल ते सांगायची गरज नाही. चिप ८५ अंशांपर्यंत टिकेल अशी बनवलेली असते, पण पेटीत ती एकटी नसते.

कायम मेमरीचंही असंच. तिचा प्रत्येक खण सुमारे १ लाख वेळा लिहिण्याइतका टिकेल अशी बनवणाऱ्यांची हमी असते. प्रोग्राम दर सेकंदाला एकाच खणात लिहीत असेल तर ती हमी २८ तासांत संपते. इम्युलेटरमधला खण झिजत नाही, त्यामुळे तिथं सगळं आलबेल दिसेल. पण किती वेळा लिहिलं हे तो मोजू शकतो. तासाभराची मोजणी काढली तर गुणाकार आपला आपल्याला करता येतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इम्युलेटर सांगतो की व्हॉल्व्हला बंद व्हायचा हुकूम गेला. व्हॉल्व्ह बंद झाला असं तो सांगत नाही, सांगूही शकत नाही. फिल्टरमधून निसटलेला वाळूचा खडा रबरी पडद्याखाली अडकला तर व्हॉल्व्ह उघडाच राहणार. ते कळायला लाईनवर दाब मोजणारा किंवा पाणी मोजणारा सेन्सर लागतो. हुकूम दिला आणि काम झालं यांतला हा फरक लेकीनं प्रोग्रामात सांभाळला तर तिचं प्रोजेक्ट नुसतं मार्कांपुरतं राहणार नाही.

म्हणून पुढची वाट टप्प्याटप्प्यानं. बोर्ड मागवा. आधी टेबलावर, रिलेऐवजी नुसत्या एलईडी लावून, तोच प्रोग्राम चालवा. इम्युलेटरची पिनांची नोंद आणि टेबलावरच्या दिव्यांचा क्रम जुळतो का ते पाहा. जुळला नाही तर चूक कुठं शोधायची हेही कळतं : तर्क आधीच तपासलेला आहे, तेव्हा जोडणी, वीज किंवा सेन्सर बघायचा. मग रिले आणि व्हॉल्व्ह, पण मोटरशिवाय. मोटर सगळ्यात शेवटी, आणि थ्री फेजच्या जोडणीला परवानाधारक वायरमनच हवा, लेक कितीही हुशार असली तरी. कंट्रोलर काढून बाजूला ठेवला तरी जुन्या स्टार्टरवरून मोटर हातानं चालवता येईल, अशी वेगळी सोय कायम ठेवा. पहिले काही दिवस व्हॉल्व्ह उघडायच्या वेळी कुणीतरी बांधावर असावं.

साधनांसाठी खर्च नाही. आर्डुइनोसाठी वोकवी ब्राउझरमध्येच चालतं, सिमएव्हीआर लॅपटॉपवर विनामूल्य बसवता येतं. मोठ्या चिपांसाठी फाब्रिस बेलार या फ्रेंच अभियंत्यानं २००३ साली आणलेलं क्यूईएमयू आहे. अँड्रॉइडची ॲप बनवणारे संगणकावर जो फोन चालवतात, त्याच्या पोटात तेच असतं. व्होल्ट आणि अँपिअर यांचा हिशेब हवा असेल तर इम्युलेटर नव्हे, सर्किट सिम्युलेटर लागतो. मुंबईच्या आयआयटीच्या फॉसी प्रकल्पाचं ईसिम त्यासाठी विनामूल्य आहे, आणि त्याच संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियल उपक्रमात मराठी आवाजातले धडेही मिळतात. तुम्हीही लेकीशेजारी बसून पाहू शकाल.

प्रश्न : आमच्या तंत्रनिकेतनात ८०५१ शिकवतात. माझा एलईडी लुकलुकवणारा प्रोग्राम किलच्या सिम्युलेटरमध्ये बिनचूक चालतो. ब्रेडबोर्डवर चिप लावली की काहीच नाही. सर म्हणतात वायरिंग बघ. वायरिंग पुन्हा पुन्हा बघितलं, आकृतीप्रमाणे आहे. मग सिम्युलेटर खोटं दाखवतो का?
– एक विद्यार्थी, धुळे

उत्तर : खोटं दाखवत नाही. त्यानं जेवढं पाहिलं तेवढं खरं दाखवलं. वरच्या उत्तरातल्या ॲलनला विमानात आठवलेला तुकडा तुमच्या ब्रेडबोर्डवरही कुठेतरी राहिलेला असणार. ८०५१ ही इंटेलची १९८० ची रचना आहे, आणि तिच्या चार-पाच गरजा अशा आहेत की ज्या किलला कधी जाणवतच नाहीत.

पहिली शंका ३१ नंबरच्या पिनेवर. ती पाच व्होल्टला जोडलेली नसेल तर चिप आपल्या पोटातला प्रोग्राम सोडून बाहेरच्या मेमरीत आज्ञा शोधत बसते. बाहेर मेमरी नाही, म्हणून काहीच होत नाही. पुस्तकातल्या लहान आकृत्यांत ही पिन पुष्कळदा दाखवलेलीच नसते, तेव्हा आकृतीशी जुळतंय म्हणून निश्चिंत होऊ नका. दुसरी शंका रीसेटवर. ९ नंबरच्या पिनेला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर पाच व्होल्टकडे आणि १० किलोओहमचा रेझिस्टर ग्राउंडकडे हवा. किलमध्ये रीसेटचं बटण दाबलं की झालं, ब्रेडबोर्डवर ते काम हे दोन भाग करतात.

क्रिस्टलकडेही बघा. एलईडी १२ मेगाहर्ट्झवर लुकलुकेल, पण पुढे सीरियल पोर्टवरून ९६०० च्या गतीनं अक्षरं पाठवायची झाली तर ११.०५९२ मेगाहर्ट्झचाच क्रिस्टल लागेल. त्याच्यावर बरोबर ९६०० येतात. प्रोग्राम तोच ठेवून १२ चा लावला तर १०,४१६ च्या आसपास येतात, म्हणजे आठ टक्क्यांहून जास्त फरक, आणि समोरच्या संगणकावर नुसता कचरा उमटतो. किलच्या सीरियल खिडकीत मात्र दोन्ही वेळा अक्षरं स्वच्छ दिसतात, कारण ती खिडकी वेग तपासत नाही, चिपनं कोणतं अक्षर पाठवायला ठेवलं एवढंच छापते.

हे सगळं ठीक असेल तर एलईडी कुठल्या पोर्टला लावल्या ते सांगा. पोर्ट ० असेल तर बहुधा तिथंच गोम आहे. या पोर्टाला आतून वर ओढणारे रेझिस्टर नसतात. प्रोग्रामानं १ लिहिला की किलमध्ये टिक दिसते, खऱ्या पिनेवर मात्र पाच व्होल्ट येत नाहीत, ती नुसती मोकळी सुटते. प्रत्येक पिनेला १० किलोओहमचा रेझिस्टर पाच व्होल्टकडे लावला तर पातळी येईल, पण एलईडी उजळायला तेवढा प्रवाह पुरत नाही. म्हणून एलईडीची जोडणीच बदला : पाच व्होल्टपासून ३३० ओहमचा रेझिस्टर, मग एलईडी, मग पिन. अशी जोडली तर पिनेवर ० आल्यावर दिवा पेटतो, आणि हे चारही पोर्टांवर चालतं. त्यासाठी प्रोग्रामात १ च्या जागी ० आणि ० च्या जागी १ करावा लागेल, तेवढा बदल किलमध्ये तपासून मगच चिपमध्ये भरा.